बंद झालेल्या सेंटांची गिऱ्हाइकं

आमच्या घरात सगळे सरकारी नोकरीत. आजोबा, वडील, दोन्ही काका. मीच एकटा बालाघाटच्या मेन रोडवर सेंट-अत्तराचं दुकान टाकून बसलो. सेंट विकत घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पाच मिनिटं थांबतं. पण तोच सेंट कंपनीनं बंद केला, तर तेच गिऱ्हाईक स्टुलावर तासभर बसतं आणि उठताना एक किस्सा ठेवून जातं! नव्वदच्या पुढे तर कंपन्यांना खोडच लागली होती. हा वास बंद कर, तो वास बदल. माल बंद होत गेला, किस्से साठत गेले.

*

रामपायलीचे गोंडाणे गुरुजी लग्नापासून 'शाहजादा' लावायचे. एकदा शाहजादा नव्या डब्यात आला. वर मोठ्या अक्षरात 'न्यू'. गुरुजींनी मनगटावर थेंब घेतला, डोळे मिटून हुंगला. परत हुंगला.

"काहून गुरुजी, जमला नाही?"

"नाव तेच, बाटली तीच. पण हा शाहजादा नोहे बाप्पा. हा त्याचा साळा होय!"

तरी दुसरा इलाज नव्हता, नेला. आठ दिवसांनी तोंड पाडून आले. म्हणाले, "वर्गात गेलो तं पोट्टे बेंचवर चढून नाचून राह्यले होते. मी ओरडलो. तं म्हणतात कसे, गुरुजी, आज तुमचा वासच नाही आला!"

*

खैरलांजीचे हरिभाऊ बाइकवरून आले ते थेट काउंटरवर हात आपटत.

"माया गुलाबवाला सेंट काहून नाही येऊन राह्यला?"

"कंपनी बंद पडली, हरिभाऊ. हा दुसरा घ्या, याच्यापेक्षा भारी आहे."

"मले चालते हो. म्हशीले नाही चालत!"

हरिभाऊ सकाळी आंघोळ केली की सेंट लावायचे आणि मग धार काढायला बसायचे. पाच वर्षं म्हशीला तोच वास. नवा सेंट लावून बसले तर तिनं बादली उडवली, वर मालकाला ओळखही दाखवली नाही.

मी सहा सेंटांचे कापसाचे बोळे करून दिले. रोज एक लावून बघा म्हटलं. आठवड्यानं हरिभाऊ हसत हसत आले. "भाऊ, तिनं मोगरा पास केला! मोठी बाटली द्या. आन् हाही बंद होनार असंल तं आताच सांगा. तिले परत समजावनं माया हातचं नाही!"

*

आमच्या गल्लीतल्या देशकर वहिनींकडे 'नीलपरी'ची शेवटची बाटली होती. कपाटात, कुलपात. फक्त जवळच्या लग्नाला एक फवारा. परसवाड्याला भाचीचं लग्न निघालं म्हणून वहिनींनी कपाट उघडलं, तर बाटली रिकामी!

देशकर साहेब जंगल खात्यात. वाघ पाहिलेला माणूस. पण त्या दिवशी माझ्या दुकानात मागच्या दारानं शिरले.

"काय झालं साहेब?"

"अरे, पलंगाखाली उंदीर मेला होता. पाहुणे यायचे होते. वहिनीचं कपाट उघडलं, हाताला जे लागलं ते मारलं."

तेवढ्यात पुढच्या दारातून वहिनी आल्या. त्यांचा आवाज मेन रोडच्या पलीकडे गेला असेल. "पोटच्या पोरीच्या लग्नात दोन फवारे मारले मी, दोन! आणि यांनी उंदराच्या मयतीला सगळी बाटली!"

*

शाहजादाच्या कंपनीचा माणूस नागपूरहून यायचा. टाय, बॅग, तोंडभर हसू. "भैया, फॉर्म्युला नया है, पर खुशबू वही है!"

मी विचारलं, "तुम खुद कौनसा लगाते हो?"

त्यानं इकडे-तिकडे पाहिलं. आवाज खाली आणला. "पुराना वाला. घर में छह बोतल छुपाके रखी हैं!"

*

शेवटी अकरा गिऱ्हाइकांनी मिळून कंपनीला अर्ज करायचं ठरवलं, शाहजादा पूर्वीसारखा करा म्हणून. अर्ज लिहिणार कोण? माझे बाबा. रिटायर्ड हेडक्लार्क. मी दुकान टाकल्यापासून त्यांनी तिथं पाय ठेवला नव्हता. पण अर्ज म्हटल्यावर त्यांना राहवेना. विषय, संदर्भ, प्रतिलिपी, सगळं झोकात.

महिन्यानं कंपनीचं उत्तर आलं. 'आपको हमारा नया शाहजादा पसंद आया, इसके लिए धन्यवाद!'

बाबांनी ते शांतपणे फाइलीला लावलं. वर लाल पेनानं शेरा मारला, 'उत्तर असंतोषजनक'. आणि दुसऱ्या दिवसापासून रोज अकराच्या ठोक्याला दुकानात हजर! केस पेंडिंग होती ना.

*

मोबाइल अजून गावात यायचे होते, तेव्हाची गोष्ट. 'केतकी' बंद झाला. माझ्याकडे एकच बाटली उरली. एका दुपारी दोन गिऱ्हाइकं एकदमच म्हणाली, "केतकी आहे?"

एक, पोस्टातल्या काउंटरवरच्या गजभिये मॅडम. केतकी त्या वर्षानुवर्षं लावायच्या. दुसरे, कॉलेजातले रामटेके सर. दोघंही चाळिशीची, दोघांचंही लग्न राहून गेलेलं.

मी बाटली मधोमध ठेवली. मॅडम म्हणाल्या, "सर, हा बायांचा सेंट हाय. तुमच्या घरी बाईमानूस नाही. तुमाले काहून पाहिजे?"

सरांचे कान लाल झाले. "लावायले नाही. आता हा बंद झाला. मंग पोस्टाच्या खिडकीवरबी येनार नाही हा वास. म्हटलं, घरी असावा थोडा."

मी उगाच मागचं स्वच्छ शेल्फ पुसायला घेतलं.

मॅडमनी बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं. मग म्हणाल्या, "चार वर्षं झाली, तुम्ही रोज एक अंतर्देशीय पत्र नेता. टपालाची पेटी मीच उघडते. तुमच्या हातचं एकबी पत्र त्यात निघत नाही. कोनाले लिहिता?"

सरांनी खांद्यावरच्या पिशवीतून एक निळं पत्र काढलं. चिकटवून बंद केलेलं. काउंटरवर ठेवलं.

मॅडमनी पत्ता वाचला. परत वाचला. पत्र न फोडता पर्समध्ये ठेवलं.

"बाकीचे?"

"घरी हायेत. ट्रंकेत."

मॅडमनी बाटली माझ्याकडे सरकवली. "भाऊ, बांधून द्या. आता कोनाकडंबी राह्यली तरी चालते."