पिप्यातला रेडिओ

सेलूच्या बाजारात वांगी निवडत होतो, तेव्हा चुलतभावाचा फोन आला. "तुही वहिनी गेली रे... मेथी निवडता निवडता गेली." हातातली वांगी तशीच टाकून मी निघालो. चार दिवसांनी आमच्या नाट्यमंडळानं शोकसभा घेतली. अध्यक्ष खाकरून म्हणाले, "कलाकारांच्या चहापाण्याची निःस्वार्थ सेवा करणाऱ्या कमलताई आपल्यातून गेल्या." माझ्या डोक्यात तिडीक गेली. चहापाणी? त्याच क्षणी उठून बोलायला हवं होतं. मी मान खाली घालून बसून राहिलो.

आमच्या हौशी मंडळाचं एकच नाटक चाललं आणि ते मी लिहिलेलं. जामच्या फाट्यावरची चहाटपरी आणि तिथे ताटकळणारे एका नामवंत गायिकेचे तीन भक्त. बाईंची गाडी चहाला थांबणार अशी आवई उठलेली. एकानं हार आणलाय, दुसऱ्यानं लग्नातला कोट चढवलाय, तिसरा बायकोला थाप मारून आलाय. गाडी काही येत नाही, टपरीवरचा रेडिओ तेवढा बाईंची गाणी गातो. पहिल्याच प्रयोगाला टेपरेकॉर्डरनं ऐनवेळी मान टाकली. वहिनी विंगेत चहा घेऊन आली होती. तिनं किटली खाली ठेवली, कोपऱ्यातला तेलाचा रिकामा पिपा उचलला, तोंड त्यात घातलं आणि गायला लागली. थेट जुना रेडिओ हो! मधेच स्टेशन सरकल्यासारखी खरखरही केली, लोक हसून हसून लोळले. पुढची नऊ वर्षं, भाजीच्या मळ्यातलं काम आटोपून ही बाई पिप्यात गायली.

प्रयोग संपला की कलाकारांना समोर बोलावून शाल-नारळ द्यायची आमची रीत. वहिनी मात्र विंगेतच. नियम माझाच, दुसऱ्या कुणाच्या नावानं बोटं कशाला मोडू? रेडिओ कोण ते कळलं तर गंमत जाईल, असं मी मोठ्या रुबाबात सांगायचो. एकदा पिप्याची कड लागून तिचा गाल लालभडक झाला होता.

"भाऊजी, एकदा मले समोर उभं करा न. काऊन लपवून ठेवता?"

"पुढच्या प्रयोगाला, वहिनी. नक्की."

"पुढच्या पुढच्या करून राह्यले तुम्ही," ती हसली. आणि पिपा घरी नेऊन त्याच्या कडेला जुन्या लुगड्याची पट्टी गुंडाळून शिवून आणली. मला तेव्हाही लाज वाटली नाही.

मागच्या महिन्यात देवळीला प्रयोग होता. अध्यक्षांनी थाटात मोठे स्पीकर मागवले, मोबाइलवरून खुद्द त्या गायिकेची गाणी लावली. आवाज खणखणीत, अस्सल. पण कुणी हसेना. दुसरं गाणं सुरू झालं तसे पहिल्या रांगेतले एक आजोबा उठले. "बंद करा बे हे डुप्लिकेट! आमची वाली बाई लावा!" मागून दहा जण ओरडले, "हो, आमची वाली!"

मला राहवलं नाही. पिपा उचलून मी सरळ रंगमंचावर गेलो. म्हणालो, "तुमची वाली बाई वारली. कमल तिचं नाव. ती ह्या पिप्यात गायची, आणि नऊ वर्षं तिला मी लपवून ठेवलं." टाळ्या सुरू झाल्या, थांबेचनात. वहिनीच्या हक्काच्या टाळ्या, आणि त्या घेत उभा कोण, तर मी! स्वतःच्या थोबाडीत मारावी असं वाटलं.

पिपा आता माझ्या खोलीत, टेबलावर आहे. लुगड्याच्या पट्टीवर जिथे तिचा गाल टेकायचा, तिथे कापड विरलंय. काल अध्यक्षांचा निरोप आला, "पिपा पाठवून द्या, गाणारी एक मुलगी मिळाली आहे, विंगेत बसवू." मी उलट निरोप धाडला. मुलगी रंगमंचाच्या मधोमध, लोकांसमोर बसणार असेल तर पिपा मी स्वतः डोक्यावर घेऊन येतो. विंगेत बसवणार असाल, तर मिळणार नाही.