दाजींचा अर्धवट यंत्रमानव

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी फुलंब्रीच्या स्टँडवर बसची वाट बघत होतो. शहरात त्यांच्याकडेच परत निघालो होतो. खरं सांगायचं तर रडू आलं नाही, नुसता थकवा आला. या वयात बातमी आली की माणूस पिशवी उचलतो आणि बसमध्ये चढतो...

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, शेंद्र्याच्या कारखान्यातले निवृत्त फिटर. लकव्यानं ताईची उजवी बाजू गेली आणि घोटभर पाण्यासाठीही तिला दाजींना हाक मारावी लागायची. "मी गेल्यावर हिनं हाक कुणाला मारायची?" ही एकच काळजी दाजींना खात होती. म्हणून त्यांनी घरातच यंत्रमानव करायला घेतला. पाय शिलाई मशीनच्या सांगाड्याचे, धड पाण्याच्या निळ्या ड्रमचं, हात नळाच्या पाइपचे, डोकं म्हणून ताईचं पातेलं. पण आमच्या शहरात नळ येतो आठवड्या-आठवड्यानं. गल्लीत "पाणी आलं!" अशी आरोळी उठली की धड आणि डोकं दोन्ही नळाखाली. पाणी संपेस्तोवर बिचाऱ्याचे नुसते पाय उभे. ताई म्हणायची, "लई जीव लावू नका त्याला. परवा पाणी येणार हाय."

एकदाचा यंत्रमानवाचा हात हलला. भंगारातल्या वायपरच्या मोटरीवर घुरघुरत ग्लास पुढं आला आणि थांबला तो ताईच्या उजव्या, मेलेल्या हाताशी. रोज तिला भरवणारा माणूस नेमकं हेच विसरला होता. ताई खूप हसली. दाजी हसले नाहीत. पुढं त्यांचीच तब्येत खालावली. मी म्हणालो, "दाजी, मोडून टाका आता ते." "व्हय, बघू," एवढंच बोलले.

दाजी गेल्यानंतरच्या जलदान विधीला घर माणसांनी भरलं. पाणी आलेलं नव्हतं, टँकरमागं पळून माझे पाय गळाले होते. पाहुणे गेल्यावर ताईच्या पलंगाशी टेकलो. "पाणी देऊ का?"

"बस तू. दमलास."

तिनं डावा हात लांबवला. पलंगाच्या डाव्या अंगाला यंत्रमानव उभा होता. हात काढून टाकलेले, आणि ड्रमला तिच्या हाताच्या बरोबर उंचीवर तोटी बसवलेली. ग्लास भरून ती प्यायली. मग दुसरा भरला आणि माझ्यापुढं धरला.

"घे. त्यांनीच भरलेलं हाय. थोडंच उरलंय."

ग्लास दोन्ही हातांनी धरून सगळं प्यालो. टाकून देण्याइतकं पाणी आमच्या शहरात नसतं.