तिघींचा मॅक्स

घरात व्यायामाची वजनं आणली की आधी त्यांच्यावर धूळ साचते, मग त्यांच्याभोवती किस्से साचतात. धूळ निदान पुसता तरी येते.

घाटकोपरच्या आमच्या सोसायटीत वैशालीचा मुलगा नोकरीसाठी परदेशात गेला. जाताना रॉड, प्लेट्स, बेंच, सगळं लोखंड आईच्या गळ्यात टाकून गेला. भंगारात द्यायला हिचा जीव होईना. त्यातच हाडांसाठी वजनं उचला, असं डॉक्टरांनी तिला, मला आणि माझ्या शेजारच्या तावडे वहिनींना सांगितलेलं. मग काय, पन्नाशी उलटलेल्या आम्ही तिघी संध्याकाळी त्या मुलाच्या खोलीत जमायला लागलो.

चौथे वैशालीचे मिस्टर, प्रकाशराव. रिटायर्ड. ते स्वतः काही उचलत नाहीत. ते मार्गदर्शन करतात.

*

महिन्याभराने वैशालीला मॅक्स काढायची हौस आली. मॅक्स म्हणजे एकदाच, जेमतेम, पण नीट उचलता येईल असं सगळ्यात जास्त वजन.

"थांबा!" प्रकाशराव सोफ्यावरून ओरडले. "प्रत्यक्ष उचलून बघणं हा अडाणीपणा. हलकं वजन जितक्या वेळा उचलाल, त्याला तिसाने भागा, त्यात एक मिळवा आणि वजनाने गुणा. झाला मॅक्स! अंगाला घाम नको."

वैशाली थंडपणे म्हणाली, "मग रिमोटवर लावा ना हा हिशोब! शंभर ग्रॅमचा रिमोट दिवसातून तीनशे वेळा उचलता. म्हणजे तुमचा मॅक्स एक किलो शंभर ग्रॅम!"

प्रकाशरावांनी मनात गुणाकार केला. बरोबर होता. त्यांनी चॅनल बदललं.

*

मग मला शंका आली, की या प्लेट्सवर 'दहा किलो' लिहिलंय ते खरं कशावरून? वैशालीच्या मुलाने ऑनलाइन सेलमध्ये घेतलेला माल तो!

उपाय सोपा होता. आधी वजनकाट्यावर नुसतं उभं राहायचं, मग प्लेट घेऊन उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. काटा आणला. प्लेट आणली. तिघी एकमेकींकडे बघत राहिलो.

"वहिनी, तुम्ही चढा."

"मी कशाला? वैशालीचं घर आहे."

"मंजू, शंका तुझी ना? तू चढ!"

चहा झाला. काटा परत पलंगाखाली गेला. आमच्या प्लेट्स आजही दहा किलोच्याच आहेत.

*

रिमोटचा घाव मात्र प्रकाशरावांना खोल बसला होता. एका दुपारी वैशाली बाजारात गेल्यावर ते गुपचूप बेंचवर आडवे झाले. आधी हलकं वजन उचलून केलेल्या हिशोबाने मॅक्स साठ किलो निघाला होता, म्हणून रॉडवर साठ लावले. रॉड खाली छान आला. वर जायचं नाव घेईना.

छातीवर लोखंड घेऊन माणूस ओरडणार काय? "अगं उचल! कुणीतरी उचला!"

अर्ध्या तासाने वैशाली परतली. रॉडची दोन्ही टोकं बेंचच्या दांड्यांवर टेकलेली, म्हणून प्रकाशराव शाबूत होते, पण खालून निसटता येत नव्हतं. तिने एकेक प्लेट काढून त्यांना सोडवलं. तेवढ्यात कामवाली मंगल दारात.

"तू मघाशी आली नाहीस?"

"आले होते ना ताई. बेल मारली. पण साहेब आतून 'उचल, उचल' ओरडत होते. मला वाटलं, तुम्ही फोन उचलत नाही म्हणून तापलेत. म्हटलं, नवराबायकोच्या मध्ये आपण कशाला?"

*

आता तावडे वहिनींचं सांगते. जमिनीवरून रॉड उचलायचा, तर त्यांचं गाडं पंचावन्नवर अडलं होतं. एका संध्याकाळी असाच रॉड तसूभरही हलला नाही. हिरमुसून त्या घरी गेल्या.

घरात फक्त सासूबाई. मालवणच्या, अंगाने भरभक्कम आणि जिभेने त्याहून. तीस वर्षं सुनेच्या माशाच्या आमटीला नावं ठेवत आलेल्या. वहिनी आत शिरल्या तर बाथरूममधून कण्हणं ऐकू आलं. म्हातारी घसरून कमोड आणि भिंतीच्या सापटीत अडकली होती. मान छातीवर दुमडलेली, श्वास घुसमटलेला.

माणसं बोलवायला वेळच नव्हता. वहिनींनी पाय रोवले, कंबर मागे घेतली, काखेत हात घातले आणि एका दमात सासूला सरळ वर काढलं!

श्वास परत आल्यावर सासूबाईंचं पहिलं वाक्य, "गो, काचेचो कप तुझ्या हातात ऱ्हवना नाय, आणि माका उचललंस?"

दवाखान्यात हाडं शाबूत निघाली. तिथल्या काट्यावर सासूबाई भरल्या अडुसष्ट किलो.

बातमी कळली आणि आम्ही चेकाळलोच. चार दिवसांनी वहिनींना परत रॉडपुढे उभं केलं. पंचावन्नच लावले. सासूबाईही काठी टेकत बघायला आल्या, खुर्चीत बसल्या.

वहिनींनी जोर लावला. रॉड ढिम्म. परत लावला. ढिम्म! चेहरा लालबुंद झाला, डोळ्यांत पाणी आलं.

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "त्या दांड्याक सासू समज, आणि उचल."

रॉड वर आला.