हळदीकुंकवाला न चालणारी उमेदवार

अकरा वर्षं मी पक्षाच्या सभांना बायका गोळा केल्या, घोषणा देऊन घसा बसवून घेतला. मोहोळजवळचा आमचा जिल्हा परिषदेचा गट महिलांसाठी राखीव झाला, तेव्हा तिकीट माझंच, असं सगळे धरून चालले होते. तालुक्यातले पक्षाचे पुढारी, साहेब, यांच्या बंगल्यावर नावं ठरत होती. वहिनीसाहेब, म्हणजे साहेबांच्या पत्नी, माझ्यादेखत म्हणाल्या, "बाई कामाची हाय, पर विधवा हाय. बायकांतला परचार हळदीकुंकवावर चालतो. ही कुंकू कुनाला लावनार?"

तिकीट साहेबांच्या भाचीला गेलं.

मी अपक्ष अर्ज भरला. वहिनीसाहेबांचं नाक ठेचायचं, एवढाच माझा जाहीरनामा होता. छापला मात्र पाण्याचा आणि रस्त्याचा. चिन्ह कपबशी मिळालं. मी हळदीकुंकूच ठेवलं आणि गावोगावच्या विधवांना आधी बोलावलं. एक म्हातारी कपाळ पुढं करायला लाजत होती. शेवटी म्हणाली, "लाव की. मेल्यावर कोन लावनार हाय?"

त्या बायकांनीच मला निवडून आणलं. मिरवणूक मी मुद्दाम बंगल्यावरून नेली आणि फाटकासमोर हलगी वाजवायला लावली. वरची खिडकी बंद झाली, तशी अजून वाजवायला सांगितली.

गेल्या वर्षी साहेब वारले. पक्षानं वहिनीसाहेबांना विचारलंसुद्धा नाही. त्या माझ्या दारी आल्या. "शेजारच्या गटातनं मी बी अपक्ष उभी राहते म्हंते. तुमच्या बायका माझ्या मागं उभ्या करा की."

इतकी वर्षं मी याच दिवसासाठी थांबले होते. त्यांच्या हातात चहा देत मी म्हणाले, "वहिनीसाहेब, तुमी आता विधवा. हळदीकुंकवाला कशा चालनार?"

कप तसाच ठेवून त्या निघून गेल्या. खोटं कशाला बोलू, मला गोड वाटलं. अजूनही वाटतं.

ओसरीवर माझ्या प्रचारातल्या पाच-सहा जणी बसल्या होत्या, सगळ्या विधवा. त्यातली धाकटी उठली, "येते मी" म्हणाली. मग एकेक करत बाकीच्याही उठल्या. काय झालं, म्हणून मी विचारलं.

"तुमी बोलला तिला," शेवटची चपला घालत म्हणाली, "पर आमी बी हितंच बसलो हुतो की."