जुळणी न झालेले कार्ड

गुरुलिंगअण्णांच्या हातात लग्नपत्रिका दिली, की मुहूर्त वाचायच्या आधी ते तिची पाठ कोरी आहे का, ते बघत. मग खिशातून हिरवी प्लास्टिकची पट्टी निघे. तिच्यात चौकोन, वर्तुळे, शंकरपाळ्या असे आकार कापलेले होते. नवऱ्यामुलाचा एक चौकोन, वडिलांचा एक, मध्ये रेघ. आणि चष्म्यावरून प्रश्न, "एका बापाला पोरं किती? आन् एका पोराला बाप किती?" पत्रिका देणारा गोरामोरा होई. अण्णांना त्यात चेष्टेचा वासही येत नसे.

सत्तरच्या दशकात सोलापूरच्या आमच्या गिरणीत पंचकार्डांची, म्हणजे भोकांनी माहिती नोंदवलेली पुठ्ठ्याची कार्डे वाचणारी यंत्रे होती. मी कार्डांना भोके पाडायच्या कामावर होते आणि अण्णा आराखडे करीत. कामगारांची कोणती माहिती कुठल्या कार्डावर घ्यायची, एका कार्डावरून दुसरे कसे सापडायचे, हे सगळे ते आधी कागदावर चौकोन आणि रेघा काढून ठरवत. "एक गोष्ट एकाच जागी लिवायची. दोन जागी लिवली की त्यातली एक खोटी व्हती," हे त्यांचे पालुपद. एकदा सोयीसाठी म्हणून मी खात्याचे नाव दोन्ही कार्डांवर टाकले, तर त्यांनी अख्खा गठ्ठा नव्याने करायला लावला. मी दोन दिवस फुगून बसले. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर कागदाच्या पुडीत अण्णांनी ठेवलेली शेंगाचटणी होती.

ते अक्कलकोटच्या पलीकडच्या खेड्यातले. आकडे मनातल्या मनात कानडीत मोजत, तेव्हा ओठ हलत. लग्न केले नव्हते. जेऊरला दिलेली बहीण वारल्यावर रजा घेऊन जायला गावच उरले नाही. बाळीवेशीत एक खोली होती. दुपारी यंत्राच्या कडेला, भिंतीकडे तोंड करून कडक भाकरी मोडत. आम्ही बायका बोलवायचो, तर म्हणत, "तुमच्या गप्पा मोडत्यात."

एका वर्षी गिरणीच्या दवाखान्याने पास देण्यासाठी कामगारांची यादी मागितली. आराखडा अण्णांचा. कामगाराचे एक कार्ड, घरच्या प्रत्येक माणसाचे वेगळे कार्ड, दोन्हींवर कामगाराचा नंबर. यंत्र नंबर जुळवी आणि जुळलेल्यांची यादी छापी. न जुळलेली कार्डे बाजूच्या कप्प्यात पडली. नंबर चुकले असतील म्हणून आम्ही ती तशीच ठेवून दिली.

चौथ्या दिवशी वाइंडिंग खात्यातली नरसम्मा तापाने फणफणत आमच्या दारात येऊन बसली. यादीत नाव नाही म्हणून कंपाउंडरने तिला परत पाठवले होते. विधवा बाई, मूलबाळ नाही. तिचे कार्ड मला त्या कप्प्यातल्या गठ्ठ्यात सापडले. मग मी एकेक कार्ड वाचत गेले. सगळी एकटी माणसे. शेवटून तिसरे अण्णांचे होते. मी ते पटकन खाली सरकवले, पण त्यांनी पाहिले होते.

"यंत्राचं चुकलं न्हाय, बाई," ते म्हणाले. "म्या इचारलंच तसं. ज्याच्या घरात कोन हाय, त्याचंच नाव दे म्हनलं."

नरसम्माला घेऊन ते स्वतः दवाखान्यात गेले आणि औषध मिळेपर्यंत तिथेच उभे राहिले.

साहेबांनी सोपी वाट काढली. एवढ्याशा गठ्ठ्यासाठी आराखडा कशाला मोडायचा? या लोकांची घरच्या माणसाची कार्डे करा आणि त्यांच्यावर त्यांचीच नावे टाका, म्हणजे यंत्र जुळवून घेईल. खरे सांगते, मलाही ते पटले होते. पण साहेबांपुढे कधी मान वर न करणारे अण्णा जागचे हलेनात.

"म्या माझाच भाऊ कसा व्हनार, साहेब? कोन न्हाय तर न्हाय. पन म्हनून मानूस यादीतनं जाऊ नये."

साहेबांनी शनिवारपर्यंत मुदत दिली. तोवर नाही जमले, तर खोटी कार्डे. अण्णांनी त्या आठवड्यात दुपारची भाकरी सोडली. रेघा खोडायचे, पुन्हा ओढायचे. शेवटी असे बसवले, की कामगाराचे नाव कुठल्याही परिस्थितीत छापले जाईल, आणि घरचे कोणी असले तरच त्याखाली येईल. शनिवारी यादी निघाली. नरसम्मा होती. अण्णाही होते, आणि त्यांच्या नावाखाली कोरी जागा. मला भडभडून आले. तिथे काहीतरी लिहू का, असे मी वेड्यासारखे विचारून बसले.

"रिकामं हाय ते रिकामंच दिसू द्या," ते म्हणाले. "ते बी खरंच हाय की."

दोन वर्षांनी भर उन्हाळ्यात अण्णा त्यांच्या खोलीतच गेले. दार उघडेना, तेव्हा शेजाऱ्यांना कळले. गिरणीतल्या चौघांनी पुढे होऊन माती दिली. दुसऱ्या दिवशी त्यांचे कार्ड काढायचे काम माझ्याकडे आले. कामगार वारला, की त्याचे कार्ड काढून त्या नंबरची घरच्यांची कार्डे शोधायची आणि वेगळ्या पेटीत लावायची, अशी रीत होती. अण्णांचे कार्ड लगेच मिळाले. त्या नंबरचे दुसरे कार्ड नाही, हे माझ्याइतके कोणाला ठाऊक होते? तरी घरच्यांची पेटी मी पुढ्यात ओढली आणि पहिल्यापासून शेवटच्या कार्डापर्यंत सगळी पाहिली.