हात न लावलेला झेंडा

पंधरा ऑगस्टसाठी मुलांकडून झेंडे रंगवून घ्यायचे, असं राजेंद्र नगरातल्या आमच्या बिल्डिंगच्या कमिटीने ठरवलं आणि ते काम माझ्या गळ्यात पडलं. मी कॉलेजात शिकवते, नोकरीसाठी नाशिकहून इंदूरला आले. "मॅडमजी, मराठी लोग बड़े कल्चरल होते हैं," अध्यक्ष म्हणाले. म्हणजे फुकट राबतात.

बेत साधा होता. पुठ्ठ्यावर हाताचे ठसे: वर केशरी, खाली हिरवे, मध्ये पांढऱ्यावर निळं चक्र. रविवारी पार्किंगमध्ये जुन्या चादरी अंथरल्या, ताटल्यांत रंग ओतले. पोरं कोपरापर्यंत रंगली. एकीचा हिरवा वर गेला, एकाचं चक्र भाकरीएवढं झालं. धमाल चालली होती.

मग आईबाप खाली उतरले.

"अरे, ऐसे थोड़ी होता है!" म्हणत एका इंजिनिअर बाबांनी आपल्या सहा वर्षांच्या मुलाला फ्रिज सरकवावा तसं बाजूला सारलं आणि घरून कंपास, कोनमापक, चिकटपट्टी आणली. ते बघून बाकीच्यांना चेव चढला. कोणी मोबाइलवर केशरीची नेमकी छटा शोधू लागलं, एक आई केस वाळवायचं मशीन घेऊन आली. थोड्या वेळात मोठी माणसं मांडी घालून, जिभा बाहेर काढून रंगवत होती आणि पोरं त्यांना पाणी आणून देत होती.

"मुलांना करू द्या ना," मी म्हणून पाहिलं.

"मॅडम, देश का मामला है," इंजिनिअर मान वर न करता म्हणाले. पलासिया चौकातल्या लाल सिग्नलवरून रोज बिनदिक्कत गाडी काढणारे ते हेच.

सगळं रंगवून झाल्यावर कमिटीने बक्षिसं दिली; पहिलं अर्थातच त्यांच्या झेंड्याला. अध्यक्षांनी मुलापुढे माइक धरला. "बेटा, कैसे बनाया?"

"पता नहीं. पापा ने हाथ ही नहीं लगाने दिया."

मग टाळ्या! सगळ्यात जोरात पापांच्या.

संध्याकाळी दारावर टकटक. तोच मुलगा. "आंटी, रंग बचा है क्या?"

उरलेला केशरी मी ताटलीत ओतला, खाली वर्तमानपत्र पसरलं. त्याने दोन्ही हात मनगटापर्यंत बुडवले आणि कागद भरून ठसे उठवले. हात धुवायला नळ सोडते तोवर स्वारी तशीच पसार झाली.

सकाळी बिल्डिंगच्या ग्रुपवर फोटो आला. लिफ्टच्या आरशावर, दारावर, बटणांवर छोटे छोटे केशरी पंजे. खाली पहिला मेसेज इंजिनिअर साहेबांचा: "किस बदतमीज़ का बच्चा है ये? घर में कुछ सिखाते नहीं क्या?"

मी उत्तर टाइप केलं. वाचलं. पुसून टाकलं. आणि त्यांच्या मेसेजला अंगठा दिला.