फोनचा डबा

माझ्या आईचा आवाज त्यांनी स्पीकरवर लावला.

"बाय, जेवलीस का गं? मोठ्या सायबाच्या हापिसात हायस, नीट ऱ्हा. उलटं बोलू नको कुनाला."

सगळे हसले. सर, त्यांचा पुतण्या, दोन जुने ज्युनियर. पुतण्याने नक्कल केली, "नीट ऱ्हा हां, बाय!" पुन्हा हसले. केबिनचं दार बंद होतं. सरांनी शिपायाला सांगून ते लावून घेतलं होतं.

ठाण्याच्या कोर्टाजवळचं ऑफिस. सर म्हणजे सायबर आणि राष्ट्रीय सुरक्षेच्या खटल्यांतले मोठे वकील, मी त्यांची नवी ज्युनियर. सरकारची बाजू मांडायचे. संध्याकाळी कॉलेजांत खासगीपणाच्या हक्कावर भाषण करायचे. ती भाषणं मी लिहायचे. 'फोन म्हणजे माणसाचं घर आहे, परवानगीशिवाय त्यात पाऊल टाकता येत नाही,' हे वाक्य माझं. टाळ्या त्यांना.

ऑफिसचा एक नियम होता. कामं गोपनीय, म्हणून आल्याआल्या फोन दाराजवळच्या स्टीलच्या डब्यात ठेवायचा. त्या डब्यात दोनच फोन असत, शिपायाचा आणि माझा. बाकीच्यांचे टेबलावर, चहाच्या कपांशेजारी. पहिल्या दिवशी मी विचारलं, तेव्हा पुतण्या म्हणाला, "अगं, आम्ही घरचेच ना."

माझे बाबा ज्यांच्या शेतावर जायचे, त्यांच्या ओट्यावर कान तुटलेला एक कप वेगळा असायचा. चहा पिऊन बाबा तो स्वतः विसळून ठेवायचे. मी तो कप पाहिलाय. डबा बघितला आणि ओळखला.

त्या सकाळी कोर्टात बंद लिफाफ्यात द्यायच्या एका कागदाचा फोटो व्हॉट्सअॅपवर फिरला. सरांनी मला आत बोलावलं.

"फोन आण. लॉक उघड."

"सर, माझा फोन तर डब्यात होता."

"मग भीती कसली? लपवायचं काही नसेल तर उघड."

कायदा मला तोंडपाठ होता. तरी अंगठा टेकवला. समोर चार जण उभे, दार बंद, नोकरी त्यांच्या हातात. अंगठा आपोआप जातो.

आईला लिहिता येत नाही, म्हणून ती आवाज पाठवते. तो ऐकून झाल्यावर सरांनी वस्तीचा ग्रुप उघडला. जयंतीच्या मिरवणुकीचे निरोप होते. "असतंच हे ह्यांच्यात," एक जण पुटपुटला. आडनाव कोणी घेतलं नाही. गरज नव्हती.

फोटो पुतण्याने काढला होता. मित्रांपुढे भाव खायला. दुसऱ्या दिवशी कळलं. सर म्हणाले, "पोरगं उत्साही आहे." मला म्हणाले, "तू मनावर घेऊ नकोस. चहा घे." माझा फोन पुन्हा डब्यात.

मी राहिले. कोपरला भाड्याने खोली घेतली होती. गावी खडवलीला आई सगळ्यांना सांगत फिरायची, पोर सरकारी केसेस लढते.

मग कल्याणच्या एका शिक्षिकेची केस आली. तिने एक मेसेज पुढे पाठवला होता. त्यावर देशाच्या सुरक्षेची कलमं. पोलीस ठाण्यात तिचा फोन उघडून घेतलेला. जामिनाला विरोध करायचा होता. सर सांगत होते, मी टाईप करत होते.

"आरोपीने स्वेच्छेने आपला पासवर्ड दिला."

माझी बोटं थांबली.

"सर, दार बंद होतं का?"

"कुठलं दार?"

"पोलीस ठाण्यातल्या त्या खोलीचं. ती आत असताना."

"टाईप कर गं. वाद नको."

खडवलीच्या आमच्या घराच्या कुडाला भोकं होती. बाबा मोर्च्यातून आणलेली पत्रकं त्यावर चिकटवायचे. मी अक्षरं तिथेच शिकले. प्रत्येक पत्रकात एखादा तरी सवाल मोठ्या अक्षरांत छापलेला असायचा. वाऱ्याने कागद फडफडायचा, सवाल जागेवर राहायचा.

"नाही करणार," मी म्हणाले. "दिला असं लिहीन. स्वेच्छेने असं नाही लिहिणार."

"मग घरी बस. तुझ्यासारख्या ढिगाने मिळतात."

डब्यातून फोन घेतला आणि निघाले.

ते वाक्य दुसऱ्या कोणीतरी टाईप केलं. जामीन फेटाळला गेला. ती शिक्षिका अजून आत आहे. तिचं वकीलपत्र मला घेता येत नाही, कारण मी समोरच्या बाजूला काम केलंय. नियम तसा आहे आणि बरोबर आहे. मी तिच्या काहीही उपयोगाची नाही.

ठाण्याच्या कोर्टात मला कोणी उभं करत नाही. 'भांडखोर आहे' एवढा निरोप पुरला. आता कल्याण कोर्टाच्या आवारात बसते. ओटीपी सांगून फसलेले येतात. आई विचारते, "सायेब काय म्हनतात?" मी विषय बदलते.

सर परवा कुठल्याशा कॉलेजात बोलले. माझंच वाक्य. टाळ्या पडल्या असतील.

माझ्याकडे आता एक केस आहे. डोंबिवलीच्या केमिकल कारखान्यातला कामगार. गळतीचा व्हिडिओ काढला, पुढे पाठवला. तीच कलमं. फोन तसाच उघडलेला. कागदावर तेच लिहिलंय, स्वेच्छेने. मी बहुधा हरेन. न्यायाधीश घड्याळ बघतील, सरकारी वकील हसतील, त्यांच्या हातात बंद लिफाफा असेल.

तरी ज्या पोलीस अधिकाऱ्याने तो फोन उघडून घेतला, त्याला पिंजऱ्यात उभं करून मी विचारणार. उत्तर नोंदवलं जाईपर्यंत खाली बसणार नाही. ही केस गेली तर पुढच्या केसमध्ये, ती गेली तर त्याच्या पुढच्या.

साहेब, खोलीत किती जण होतात? आणि दार कोणी लावलं होतं?